हॉफविल : एकाच शिवारातील दोन शाळा

स्वित्झर्लंडमधील बर्न शहराच्या उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरवर म्युन्शनबुक्से नावाचे गाव आहे. त्या गावालगत हॉफविल ही जुनी शेतवाडी आहे. १७९९ साली बर्नच्या एका उमराव घराण्याने ती विकत घेतली आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तेथे शेती व शिक्षण यांचा एक मोठा प्रयोग चालला. युरोपातील शेतकी शिक्षणाच्या आरंभकाळाचा विचार करताना या शेतवाडीला वगळून पुढे जाता येत नाही.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत इतक्या दूरच्या शेताची हकिकत कशासाठी, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण आपल्या पालकसभेत आहे. शाळेच्या शेतात मुलांनी काम करावे की नाही, हा प्रश्न तेथे दर काही वर्षांनी उभा राहतो. "गुरुजी, लेकराच्या हातचं खुरपं सुटावं म्हणून आम्ही त्याला तुमच्या पदरात घातलं, अन्‌ तुम्ही पुन्हा खुरपंच दिलं त्याच्या हातात," असे एका मातेने भर सभेत विचारले होते. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यावर आणि बलुत्याच्या पेंढीवर ज्यांच्या आजे-पणज्यांनी गावाची रात्रंदिवस वेठबिगार केली, त्या घरांतून तो आलेला आहे. 'श्रमप्रतिष्ठा' हा एक शब्द ऐकवून अशा मातेला खाली बसवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. श्रमाची थोरवी आपल्याला बहुधा अशांनीच शिकवली आहे, ज्यांच्या तळहाताला कधी घट्टे पडले नाहीत. हॉफविलमध्ये हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी, दुसऱ्या भूमीवर आणि दुसऱ्या लोकांपुढे उभा होता. तो तेथे कसा सुटला आणि कोठे अडला, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

शेतवाडीचे मालक फिलिप इमॅन्युएल फॉन फेलेनबर्ग (१७७१–१८४४) बर्नच्या सत्ताधारी उमराव वर्गात जन्मले. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी हे त्यांच्या वडिलांचे स्नेही. १७९८ साली फ्रेंच सैन्याने बर्न जिंकले आणि शतकानुशतकांची उमरावशाही काही दिवसांत कोसळली. त्या पडझडीतून फेलेनबर्ग यांनी एक निष्कर्ष काढला. नुसते राज्य बदलून समाज सुधारत नाही. वरच्या वर्गाला जबाबदारी आणि खालच्या वर्गाला उद्योग शिकवला पाहिजे, आणि या दोन्ही शिक्षणांचा पाया शेतीत घातला पाहिजे, असे त्यांचे मत बनले.

आधी शेती सुधारली. पाणथळ जमिनीत चर खणून पाण्याचा निचरा केला. नांगरट खोल केली. जमीन आलटूनपालटून पडीक ठेवण्याची जुनी रीत सोडून बटाटा, धान्य आणि क्लोव्हर नावाचे द्विदल चाऱ्याचे पीक यांचा फेरपालट सुरू केला. गुरे मोकाट चारण्याऐवजी गोठ्यात बांधून वैरण घातली, त्यामुळे शेणखत एके जागी साठू लागले. पेरणीची यंत्रे बनवली आणि अवजारांचा एक कारखानाच वाडीवर काढला. त्या काळी युरोपात बी बहुतेक ठिकाणी हाताने फोकून पेरत, त्यामुळे ओळीत पेरणारे यंत्र ही तेथे नवलाची वस्तू होती. आपल्या दख्खनच्या शेतकऱ्याची तिफण हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत होती, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो. ही सुधारलेली शेती पाहण्यास लांबून लोक येऊ लागले आणि तिच्याच आधाराने शेतकी विद्येचे वर्ग सुरू झाले.

१८०४ मध्ये खुद्द पेस्टालॉझी आपली शाळा घेऊन म्युन्शनबुक्से येथे आले. शिकवणे त्यांच्याकडे आणि कारभार फेलेनबर्ग यांच्याकडे, अशी व्यवस्था ठरली. ती टिकली नाही. एकाचे सारे लक्ष मुलांकडे आणि दुसऱ्याचे शिस्तीकडे व हिशेबाकडे. लवकरच दोघे विभक्त झाले आणि पेस्टालॉझी इव्हेर्दों या गावी गेले.

यानंतर हॉफविलवर दोन शाळा उभ्या राहिल्या. १८०८ च्या सुमारास उच्च वर्गाच्या मुलांसाठी विद्यालय निघाले आणि १८१० मध्ये गरीब, निराधार मुलांची शाळा निघाली. पहिल्या विद्यालयात जर्मनी, रशिया, इंग्लंड येथून राजघराण्यांतील व धनिकांची मुले भारी शुल्क भरून येत. त्यांना ग्रीक, लॅटिन, इतिहास, गणित, संगीत, अश्वारोहण शिकवीत. त्यांनाही बागेचा एकेक तुकडा दिलेला असे आणि सुतारकामाची कर्मशाळा होती. परंतु ते काम शरीराच्या व मनाच्या संवर्धनासाठी होते, पोटासाठी नव्हते. दुसऱ्या शाळेतील मुले मात्र पोटासाठी राबत. दिवसातील बहुतेक वेळ शेतात आणि दोनतीन तास वाचन, लेखन, गणित, चित्रकला, गायन. वयाने वाढलेल्या मुलांच्या श्रमातून लहान मुलांचा खर्च भागावा, अशी योजना होती. मालक एक, शिवार एक, परंतु निवास वेगळा, भोजन वेगळे, अभ्यासक्रम वेगळा.

गरीब मुलांच्या शाळेवर योहान याकोब वेर्ली या तरुणाची नेमणूक झाली. तो थुरगाऊ प्रांतातील एका खेड्याच्या शाळामास्तरचा मुलगा. हॉफविलला आला तेव्हा वय विशीच्या आसपास होते. हॉफविलच्या साऱ्या इतिहासात आम्हांस सर्वांत मोठा वाटतो तो हा माणूस, मालक नव्हे. वेर्ली मुलांबरोबर राहिला, त्यांच्याच पंगतीला त्यांचेच अन्न जेवला आणि त्यांच्याबरोबरच शेतात राबला. हातात छडी घेऊन बांधावर उभा राहणारा मुकादम तो नव्हता. शेत हाच त्याचा फळा होता. काम करता करता तो तोंडी हिशेब घाली : या वाफ्यात किती ओळी, एका ओळीत किती रोपे, एका टोपलीचे वजन इतके तर एवढ्या टोपल्यांचे किती. नांगराखाली दगड निघाला तर तो कोणत्या जातीचा, हे पाहायचे. तण उपटले तर फेकण्यापूर्वी त्याचे मूळ, पान, फूल ओळखायचे. मुले दगडांचे आणि वनस्पतींचे संग्रह करीत. संध्याकाळी बटाटे सोलताना गप्पा होत आणि त्या गप्पांतूनच भूगोल व इतिहास शिकवला जाई. सकाळी केलेल्या कामाचे वर्णन रात्री पाटीवर लिहायचे, हा लेखनाचा पाठ होता.

अनुभवी शिक्षकांना यातील कठीण भाग लगेच दिसेल. मुलांना कामाला लावणे सोपे असते, पण कामातून प्रश्न काढण्यासाठी शिक्षकाला पीकही कळावे लागते, गणितही कळावे लागते आणि मूल कधी थकले हेही कळावे लागते. वेर्ली नसता तर हॉफविलची गरीब शाळा म्हणजे फुकट मजुरांची बराक झाली असती. पुढे इतरत्र तिच्या ज्या नकला झाल्या, त्यांपैकी अनेकांना वेर्ली मिळाला नाही, एवढीच खरी अडचण होती.

१८१६ साली एक धाडसी पाऊल टाकले गेले. हॉफविलजवळच्या मायकिर्ख येथे एक लहानसा भूखंड घेऊन गरीब शाळेतील काही मुलांना एका शिक्षकासह तेथे पाठवण्यात आले. जमीन साफ करणे, निवारा उभारणे, आपले अन्न आपण पिकवणे आणि त्याबरोबर शिकणे, हे सारे त्यांच्यावर सोपवले होते. ते वर्ष युरोपात उन्हाळाच न आलेले, पिके बुडालेले आणि पुढे दुष्काळ घेऊन आलेले वर्ष होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलांच्या कर्तृत्वाचे मोल कळते.

हॉफविलची कीर्ती झपाट्याने पसरली. रशियाच्या झार अलेक्झांडरकडे काउंट कापोदिस्त्रिया यांनी १८१४ मध्ये या संस्थेविषयी अहवाल पाठवला. इंग्लंडचे हेन्री ब्रूम १८१६ साली येऊन गेले आणि त्यांनी आपल्या देशात तिचा पुरस्कार केला. कापड गिरणीत मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढणारे रॉबर्ट ओवेन १८१८ मध्ये आले. त्यांना गरीब मुलांची शाळा आवडली, परंतु आपले दोन मुलगे, रॉबर्ट डेल आणि विल्यम, यांना त्यांनी उच्च वर्गाच्या विद्यालयातच घातले. यात ओवेन यांची निंदा करण्याचा हेतू नाही. कोणत्याही बापाने तेच केले असते. मात्र या एका निवडीत साऱ्या व्यवस्थेचे मर्म उघडे पडते. पाहुणे गरीब शाळेची स्तुती करीत आणि मुलांचे नाव दुसऱ्या शाळेत घालीत.

फेलेनबर्ग यांची धारणा अशी होती की, प्रत्येकाला त्याच्या स्थितीला अनुरूप शिक्षण द्यावे. एकाच शिवारात वावरल्याने उमराव मुलाला कष्टकऱ्याविषयी आदर वाटेल आणि गरीब मुलाच्या मनातील वैर मावळेल. गरीब मुलगा चांगला, सुखी, उद्योगी गरीब व्हावा, हे त्यांचे ध्येय होते. तो गरीब राहू नये, हे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात जी परखड मीमांसा केली, ती येथे आठवते. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि माणसाचा व्यवसाय त्याच्या अंगच्या गुणांवरून न ठरवता आईबापांच्या स्थितीवरून आधीच ठरवणे हा तिचा मूळ दोष आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हॉफविलमध्ये अस्पृश्यता नव्हती. उमराव मुलाला गरीब मुलाची सावली विटाळत नव्हती, आणि हा फरक लहान नाही. परंतु मुलाने शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच तो कोण होणार हे ठरलेले असणे, हा दोष तेथेही होता. गरीब शाळेतून मास्तर निघाले, शेतीचे चांगले कारभारी निघाले. त्याहून वर जाणारी वाट त्या शिवारातून आखलेली नव्हती.

तरीही हॉफविलला केवळ दोषाच्या पारड्यात टाकणे अन्यायाचे होईल. ज्या काळात निराधार मूल म्हणजे भिकारी किंवा उद्याचा चोर अशी समजूत होती, त्या काळात अशा मुलाच्या हाती कोणीतरी पुस्तक दिले, तेही एका उमरावाच्या जमिनीवर. हे १८१० साली घडले.

शेत आणि पुस्तक एकत्र आणण्याची ही कल्पना पुढे अमेरिकेत गेली. तेथील शैक्षणिक नियतकालिकांतून हॉफविलची वर्णने प्रसिद्ध झाली आणि १८३० च्या आसपास 'श्रम-विद्यालयां'ची एक लाटच आली. त्यांपैकी न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट्सबोरो येथील ओनायडा इन्स्टिट्यूट ही १८२७ साली एका शेतावर निघालेली संस्था. येथे विद्यार्थी रोज काही तास शेतात काम करून आपल्या जेवणाचा खर्च भागवीत आणि उरलेल्या वेळात महाविद्यालयाचा पूर्ण अभ्यासक्रम शिकत. १८३३ मध्ये बेरिया ग्रीन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक तेथे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने प्रवेश दिला.

त्या विद्यार्थ्यांत अलेक्झांडर क्रमेल आणि हेन्री हायलंड गार्नेट हे दोघे होते. त्याआधी १८३५ मध्ये ते न्यू हॅम्पशायरमधील कॅनन या गावी नॉयीस अकॅडमी या शाळेत गेले होते. काळी मुले गोऱ्यांच्या शेजारी बसून शिकतात हे गावाला सहन झाले नाही. गावकऱ्यांनी बैलांच्या जोड्या जुंपून शाळेची इमारतच पायापासून ओढून काढली. शेतीचे बैल शाळा ओढून नेण्यासाठी जुंपले गेले! इतिहास शिकवताना आम्ही ही घटना वर्गात सांगतो तेव्हा मुले काही क्षण बोलत नाहीत. महाड आणि गावोगावच्या पाणवठ्यांचा इतिहास त्यांना ठाऊक असतो.

तेथून हाकलले गेलेले हे तरुण ओनायडाच्या शेतावर आले. त्यांनी शेतात काम केले आणि ग्रीकही शिकले. ग्रीक व्याकरण जाणणारा एक जरी निग्रो सापडला तर त्याला माणूस मानू, असे एका बड्या अमेरिकन राजकारण्याचे बोल तरुणपणी आपल्या कानी आले होते, असे क्रमेल यांनी पुढे सांगितले. क्रमेल यांनी नंतर केंब्रिज विद्यापीठाची पदवी घेतली. शाळेत संस्कृत नाकारले गेल्यामुळे ज्यांना फारसी घ्यावी लागली आणि ज्यांनी संस्कृत पुढे स्वतःच्या बळावर आत्मसात केले, त्या बाबासाहेबांच्या अनुयायांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

हॉफविल आणि ओनायडा यांच्यातील फरक हा आमच्या लेखाचा गाभा आहे. दोन्हीकडे कुदळ होती. हॉफविलमध्ये कुदळ कोणाच्या हाती पोटासाठी जाईल आणि कोणाच्या हाती छंदासाठी, हे जन्मावरून ठरले होते. ओनायडात सर्वांच्या हाती तीच कुदळ होती आणि सर्वांपुढे तेच ग्रीकचे पुस्तक होते. ओनायडा फार काळ तगली नाही. कर्ज, शेतीचे तोकडे उत्पन्न आणि भोवतालचा विरोध यांमुळे १८४० च्या दशकात ती बंद पडली. विद्यार्थ्यांच्या श्रमावर संस्थेचा खर्च चालेल ही आशा बहुतेक सर्वच श्रम-विद्यालयांत फोल ठरली, हेही व्यवहाराच्या दृष्टीने ध्यानी ठेवले पाहिजे.

मराठी वाचकाला या परंपरेतील एक नाव चांगले परिचित आहे, ते टस्कगी. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे ते आपल्या घराघरांत पोहोचले. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामात संस्था सुरू केली आणि एक ओसाड पडलेला मळा विकत घेऊन विद्यार्थ्यांच्या हातांनी तेथे विटा भाजल्या, इमारती उभारल्या. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तेथे आले. 'पोरांना कामाला लावू नका' असे सांगणारे पालक टस्कगीलाही भेटले होते. आणि १९०३ साली ड्यू बॉइस यांनी वॉशिंग्टन यांना जाहीरपणे विचारले की, केवळ हातांचे शिक्षण देऊन आणि मताधिकार व उच्च शिक्षण यांवरचा आग्रह सोडून कोणता समाज वर येतो? ज्या पुस्तकात हा सवाल आहे, त्याच पुस्तकात ड्यू बॉइस यांनी अलेक्झांडर क्रमेल यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. या वादात आमची सहानुभूती कार्व्हरकडे आणि आमचा कौल ड्यू बॉइस यांच्याकडे आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे ही त्यातील मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे आणि प्रत्यक्ष धडे देण्यासाठी लहान नमुनेदार शेते असावीत, अशीही सूचना आहे. शिक्षक कसा असावा हे सांगताना जोतीरावांनी म्हटले आहे की, तो शक्यतो कष्टकरी जातींतला असावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्याला लाज वाटू नये. वेर्लीचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत करता येणार नाही. विशेष हे की, जोतीरावांनी शेतीचे धडे सुचवले ते वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या जोडीला. त्यांच्या बदली नव्हे.

बाबासाहेबांची दृष्टी त्यापुढची होती. १९१८ मधील लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले की, आपल्या शेतीचे दुखणे तुकड्यांच्या आकारापुरते नाही. जमिनीवर अवलंबून असलेल्या माणसांची गर्दी हे मूळ दुखणे आहे आणि त्यावरचा उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे. महार वतनाविरुद्ध त्यांनी दिलेला लढा हा जमिनीच्या तुकड्याने बांधलेल्या गुलामीविरुद्धचा लढा होता. त्याच वेळी, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत भूमिहीनांनी जमीन मागितली, हेही त्याच चळवळीचे अंग आहे. वतनाची जमीन नको आणि हक्काची जमीन हवी, यात विसंगती नाही. काम आणि जमीन यांचा त्याग आम्ही कधी मागितलाच नाही. काम जन्माने लादले जाऊ नये, एवढेच मागितले.

म्हणून त्या मातेला द्यावयाचे उत्तर आम्हांस असे दिसते. शेताचा तास शिक्षा म्हणून असता कामा नये. अनेक शाळांत खोडकर मुलाला वाफे खुरपायला पाठवतात, ती रीत घातक आहे. शिक्षक बांधावर उभा राहणार असेल तर तो तास रद्द करावा. ज्याचे वडील अधिकारी आहेत तो मुलगा आणि ज्याची आई रोजंदारीने जाते ती मुलगी, दोघांची वाफ्यातली ओळ सारखीच लांब असावी. आणि शेताच्या तासामुळे प्रयोगशाळेचा, इंग्रजीचा किंवा गणिताचा एकही तास बुडू नये. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील, परिचारिका, अभियंते, शेतकरी असे सारेच आहेत. यांपैकी शेती करणाऱ्यांनी ती स्वतः निवडली आहे की नाही, हे त्यांनीच आम्हांला सांगावे. या विषयावरील त्यांची पत्रे शाळेला हवी आहेत.

हॉफविलचे पुढे काय झाले, एवढे सांगून थांबतो. वेर्ली १८३३ मध्ये क्रॉइझलिंगेन येथील अध्यापक विद्यालयाचे प्रमुख म्हणून गेले आणि तेथे त्यांनी खेड्यांसाठी शिक्षक घडवले. १८४४ मध्ये फेलेनबर्ग वारले आणि चार वर्षांत हॉफविलच्या शाळा बंद पडल्या. काही दशकांनी बर्न प्रांताचे अध्यापक विद्यालय तेथे आले. जगप्रसिद्ध चित्रकार पॉल क्ले यांचे वडील त्या विद्यालयात संगीत शिकवीत. उमरावांच्या मुलांसाठी बांधलेली मोठी इमारत अजून उभी आहे आणि आज तेथे प्रांताचे सार्वजनिक माध्यमिक विद्यालय भरते.